भाऊ ३७ फुटी ड्युअल कन्सोल बोट घेतोय, प्लॉट विकून. घ्यावी का?

अजिंक्यतारा_७७:
मंडळी, बोटीतलं कोण जाणकार असंल तर सांगा. धाकटा भाऊ फ्लोरिडात टॅम्पाला असतो. आधी म्हणत होता छोटी बोट घेतो, पोरांना वीकेंडला फिरवतो, आता डोक्यात ग्रेडी-व्हाइट कंपनीची फ्रीडम ३७५ बोट बसलीय, जवळपास ३७ फुटी, मागं तीन इंजिनं. नवी म्हणजे ५ लाख डॉलरच्या वर, आपले चार कोटी पार. लोन काढणारच पण डाउन पेमेंटला आमच्या दोघांच्या नावावरचा वाढे फाट्याचा प्लॉट विकूया म्हणतो. मला बोट म्हणजे वासोट्याला जाताना बामणोलीत बसतो तेवढीच माहीत. एवढ्या पैशाचं असतं काय त्यात?

शाहूपुरी_बॉय:
प्लॉट विकू नगं भावा. प्लॉटचा रेट चढतो, बोटीचा शोरूममधनं बाहेर काढली की उतरतो.

कृष्णाकाठ_सांगली:
मी मूळ सांगलीचा, टॅम्पाशेजारच्या सेंट पीटर्सबर्गला नऊ वर्षं होतो, २४ फुटी ड्युअल कन्सोल होती, मित्राबरोबर निम्म्यात. प्रकार चांगलाय, खोटं कशाला बोलू. दोन बाजूला दोन कन्सोल, म्हणजे स्टिअरिंग वगैरे बसवतात ते उभे कट्टे, मधनं पुढं जायला वाट, समोर काच, त्यामुळं काचेमागं वारं-पाणी अंगावर फारसं येत नाही, आणि पुढच्या सीटवर पोरं निवांत बसतात. एका कन्सोलच्या आत टॉयलेट, बायका-पोरं असली की ह्याचीच किंमत कळते.
पण मोठी घेतली की गणित बदलतं. अमेरिकेत साडेआठ फुटांपेक्षा रुंद बोट ट्रेलरवर न्यायची तर बहुतेक राज्यांत परमिट लागतं, ही त्याहून बरीच रुंद, म्हणजे घरी आणणं विसरा, मरीनात, म्हणजे बोटी ठेवायच्या धक्क्यावर, जागा भाड्यानं घ्या, पाण्यात ठेवली तर बुडाला खास रंग मारा, मागच्या तीन आउटबोर्ड इंजिनांचं दर शंभर तासाला सर्व्हिसिंग, तेही तिन्हींचं वेगवेगळं. पेट्रोल मैलाला साधारण एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर!! वर इन्शुरन्स, २०२४ ला हेलीन आणि मिल्टन ही चक्रीवादळं पाठोपाठ आली तेव्हा तिथल्या बोटींचे हाल सगळ्यांनी बघितलेत. आणि एवढं करून झोपायला नीट केबिन नाही, आत एक बिछाना असतो पण चार माणसांचं कुटुंब काय मावत नाही. मासेमारीचा नाद असंल तर सेंटर कन्सोल बरी, म्हणजे मधोमध एकच कन्सोल असलेली, मासा पळाला की चारी बाजूंनी फिरता येतं, हिच्यात पुढं जायला मधली एकच वाट. टॅम्पा बे सरासरी बारा फूट खोल, तिथंच फिरायचं तर २५-२६ फुटी वापरलेली भरपूर झाली.

तापोळ्याचा_नावाडी:
सांगलीकरांचं पटलं पण एक सांगतो, लांबीला पण किंमत असती. आमच्या शिवसागरात, कोयना धरणाच्या पाण्यात, दुपारचं वारं सुटलं की लहान बोट नुसती आपटत जाती, पब्लिक घाबरतं, मोठी बोट लाट कापती. भाऊ खाडी सोडून खुल्या समुद्रात लांब जाणार असंल तर मोठी चूक नाही. खाडीतच फिरणार असंल तर मग लोकांना दाखवायलाच की. आमचं बरंय, बोट सीझनला दिवसभर धंदा करती. त्याची वर्षात किती दिवस सुटणार ते आधी विचारा. आणि लाइफ जॅकेट सगळ्यांच्या मापाची, पोरांची वेगळी. २०१९ च्या महापुरात ब्रह्मनाळला बोट उलटून काय झालं ते विसरू नका.

अजिंक्यतारा_७७:
काल रात्री फोन लावला. किती दिवस सुटणार विचारलं तर म्हणतो दर शनिवारी. म्हटलं मागच्या महिन्यात शनिवारी काय केलंस, तर दोन ऑफिसात गेले आणि दोन पोरीच्या क्लासला. आता दोन महिने भाड्याची घेऊन बघतो म्हणालाय, प्लॉटचं सध्या थांबलं. तेवढ्यात मागनं भावजयीचा आवाज, मला विचारलंय का कुणी, मला बोट धक्क्याला बांधलेली असली तरी मळमळतं. भाऊ म्हणतो त्याला जायरो मिळतो, बोट डुलत नाही, पण तो वेगळा घ्यावा लागतो. त्याची किंमत विचारायचं माझं धाडस झालं नाही.