पकडलं तर मालक बघून घेईल?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात डिझाइनच्या पीसीवर क्रॅक (लायसन्सचं कुलूप तोडून फुकट टाकलेलं) सॉफ्टवेअर आहे, पकडलं तरी नोकरदाराला काय होणार, असं एकाने विचारलंय. दादा, इतकं सोपं नाही ते.

कॉपीराइट कायदा, १९५७ चं कलम ६३-ब बघा. प्रत बेकायदा आहे हे माहीत असून ती कॉम्प्युटरवर वापरणाऱ्याला किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद, वर ५० हजार ते २ लाख दंड. म्हणजे माऊस ज्याच्या हातात, तोही कचाट्यात. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद टाळू शकतं, पण जकार्डचं (मागावर विणायच्या नक्षीचं) डिझाइन काढणं हा धंदाच झाला की!

मालकही सुटत नाही. कलम ६९ प्रमाणे कंपनीचा कारभार बघणारा दोषी धरला जातो, मग ती भागीदारी फर्म का असेना. मला माहीत नव्हतं, हे त्यानेच सिद्ध करायचं. दिवाणी दावा वेगळाच. त्यात कोर्ट कमिशनर (कोर्टाने नेमलेला माणूस) पाठवून हार्ड डिस्क तपासायला लावू शकतं. ऐन एक्स्पोर्टच्या ऑर्डरीत तो पीसी जप्त झाला तर काय होईल, ते मालकाला सांगा. दंडापेक्षा हे लवकर पटतं.

आणि पीसी असेंबल करताना "सगळं सॉफ्टवेअर टाकून देतो" म्हणणाऱ्याकडे बिलात सॉफ्टवेअरची ओळ मागा. लगेच गप्प होतो गडी.

तुम्ही मात्र लायसन्स घ्या म्हणून मालकाला ईमेल टाका, आणि तोवर त्या पीसीवर बसू नका. नुसतं तोंडी सांगितलेलं उद्या कुणी कबूल करत नाही.