वरुड तालुक्यात आयपीव्ही ६ देणारे ब्रॉडबँड कोणाचे घ्यावे?

प्रश्न (वरुड तालुका)
नमस्कार मंडळी. संत्र्याच्या बागेतला विहिरीजवळचा कॅमेरा मला गावाबाहेर असतानाही, कोणत्याही कंपनीच्या क्लाउडवर न विसंबता, थेट पाहता यायला हवा. सध्याच्या केबलवाल्याकडून राउटरला १००.७२ ने सुरू होणारा पत्ता मिळतो, त्यामुळे पोर्ट फॉरवर्डिंगचा (बाहेरून आलेली जोडणी राउटरमधून कॅमेऱ्याकडे वळवण्याचा) उपयोग होत नाही. आयपीव्ही ६ बद्दल, म्हणजे प्रत्येक उपकरणाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता देऊ शकणाऱ्या नव्या पत्तापद्धतीबद्दल विचारले, तर “नेट चालू आहे ना?” एवढेच उत्तर मिळते. पैसे भरण्याआधी नवी सेवा कशी पारखावी?

उत्तर (मोर्शी)
भाऊ, १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटण्यासाठी २०१२ मध्ये राखून ठेवला गेला. यात केबलवाल्याचाही नाइलाज आहे. एपनिक या आपल्या विभागाच्या नोंदणी संस्थेकडचा जुन्या (आयपीव्ही ४) पत्त्यांचा साठा एप्रिल २०११ मध्ये शेवटच्या गठ्ठ्यावर आला आणि त्यानंतर त्यातून एका सभासदाला जास्तीत जास्त १०२४ पत्तेच मिळू लागले. कस्टमर केअरच्या शब्दावर मात्र जाऊ नका. जी सेवा घ्यायची, ती गावात ज्याच्याकडे आहे त्याच्या घरी जाऊन राउटरचे स्टेटस पान उघडा. वॅनच्या (बाहेरच्या जोडणीच्या) रकान्यात २ ने सुरू होणारा आयपीव्ही ६ पत्ता असेल, तर सेवा खरी. नुसता एफई८० ने सुरू होणारा दिसला, तर तो घरापुरताच असतो. फोनवर तपासताना मोबाइल डेटा आठवणीने बंद ठेवा, कारण जिओच्या सिमवर २४०९ ने सुरू होणारा पत्ता दिसतो आणि तो वायफायचाच आहे असे वाटून फसगत होते.

उत्तर (काटोल)
वरच्या उत्तरात एक भर घालतो. राउटरला पत्ता मिळणे पुरेसे नाही. घरातल्या उपकरणांसाठी ‘प्रीफिक्स डेलिगेशन’ (कंपनीने राउटरला दिलेला पत्त्यांचा गट; त्या पत्त्यांचा सुरुवातीचा समान भाग म्हणजे प्रीफिक्स) मिळते का आणि बाहेरून येणारी जोडणी अडवली जाते का, हे दोन्ही विचारा. मोबाइल सिमवर पत्ता मिळाला तरी बाहेरून आत येता येईलच, असे नाही. कॅमेरा कृपया उघडा ठेवू नका. राउटरवर वायरगार्ड (घरच्या नेटवर्कपर्यंत सुरक्षित खासगी वाट देणारे व्हीपीएन) बसवून फक्त त्याचेच पोर्ट आयपीव्ही ६ वर उघडा. मग कॅमेरा फक्त जुन्या आयपीव्ही ४ पद्धतीचा असला तरी चालतो. प्रीफिक्स बदलत राहिला, तर डायनॅमिक डीएनएसमध्ये (बदलता पत्ता एका कायम नावाशी जोडणाऱ्या सेवेत) ‘क्वाड-ए’, म्हणजे आयपीव्ही ६ पत्त्याची नोंद ठेवा.

प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. गावातल्या पतसंस्थेत दुसऱ्या कंपनीचे फायबर आहे. तिथल्या राउटरचे पान पाहून प्रीफिक्ससह इथेच कळवतो.