मदत हवी आहे: कृष्णधवल फोटोबुकात हिरवट झाक येते

वारीचे ४० फोटो निवडून पुस्तक करतोय. सगळे ३५ मिमी फिल्मवर, इलफर्ड एचपी५ प्लस, घरीच डेव्हलप केलेले. स्कॅन २४०० डीपीआयचे (इंचामागे २४०० ठिपके), म्हणजे ३०० डीपीआयने साधारण साडेसात बाय सव्वाअकरा इंच मिळतात. पान त्याहून लहान आहे, त्यामुळे रिझोल्यूशनची अडचण नाही.

अडचण रंगाची आहे. डिजिटल प्रेसवर नमुना काढला, तर ट्यूबलाइटखाली वारकऱ्याचं पांढरं धोतर हिरवट दिसतं आणि तेच पान खिडकीशी नेलं की गुलाबी! फाइल आरजीबीमध्ये, म्हणजे रंगीत पद्धतीत दिली होती. मग ग्रेस्केल करून फक्त काळ्या शाईत छापून घेतलं. झाक गेली, पण काळा रंग राखाडी पडला आणि घोंगडीची वीण, जी निगेटिव्हवर भिंगातून धागा न् धागा दिसते, ती पार हरवली. मॅट आणि ग्लॉसी दोन्ही कागद झाले. मॉनिटर कॅलिब्रेट केलेला आहे.

प्रती फक्त १५ हव्यात, त्यामुळे ऑफसेटवर दोन काळ्या शाईंचा ड्युओटोन परवडणार नाही. इंकजेट प्रिंट काढून हाताने बांधायची तयारी आहे, पण पान दोन्ही बाजूंनी छापलेलं आणि पुस्तक सपाट उघडणारं हवं.

अशा कामाला दोन्ही बाजूंना कोटिंग असलेला कोणता मॅट कागद तुम्ही स्वतः वापरलाय, आणि तो किती जीएसएमचा (चौरस मीटरला किती ग्रॅम) घेतला की घडीवर शाई तडकत नाही?