दोन वाजता घड्याळ बघणं आधी सोडा

दादा, रात्रीच्या लाईटवर केळीला पाणी भरून भरून आता दिवसाची पाळी असली तरी दोनला डोळा उघडतो, मग ‘उद्या काम कसं होईल’ या धास्तीनेच झोप उडते, असं तुम्ही लिहिलंय. यावल-रावेरकडे असे कितीतरी जण आहेत, तुम्ही एकटे नाही.

धास्ती वाटली की छाती धडधडते, अंग सावध होतं, आणि सावध अंगाला झोप लागत नाही. म्हणून खाटेवर तळमळत पडू नका. वीसेक मिनिटं झाली असं वाटलं की उठा, ओट्यावर जाऊन बसा. मोबाईल घरातच राहू द्या, त्यावर वेळ दिसते आणि हिशेब सुरू होतो. डोळे जड झाले की मगच परत आडवं व्हा. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ साली मांडलेली ही पद्धत निद्रानाशाच्या उपचारात आजही वापरतात. गुण यायला काही आठवडे लागतात, चार रात्रींत सोडू नका. सकाळी उठायची वेळ मात्र एकच ठेवा, रात्र कशीही गेली तरी. पाणी भरायच्या रात्री हे जमणार नाही; तेव्हा दुसऱ्या दिवशी दुपारी खुशाल झोपून घ्या.

दुपारनंतरचा चहा बंद. मेडिकलवरून मनाने गोळी तर अजिबात आणू नका. जोरात घोरत असाल, मध्येच श्वास अडकत असेल तर डॉक्टरांना दाखवा. आणि मन फारच घाबरलं तर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनला १४४१६ वर फोन करा, रात्रीही उचलतात, मराठीत बोलता येतं.