घरच्या संगणकाला मोफत अँटीव्हायरस : कोणता निवडावा, की निवडूच नये?

कर्वेनगरकर

सहकारनगरला राहणाऱ्या माझ्या मावशीच्या संगणकावर गेल्या महिन्यात दोन मोफत अँटीव्हायरस शेजारी शेजारी बसलेले आढळले. एक तिने स्वतः डाउनलोड केला होता आणि दुसरा कुठल्याशा व्हिडिओ प्लेयरबरोबर न विचारता आला होता. पडद्याच्या कोपऱ्यात सारखी लाल चौकट उमटायची, संगणकात धोके सापडल्याचे सांगायची, आणि बटण दाबले की पैसे भरण्याचे पान उघडायचे. पंचाहत्तरी ओलांडलेल्या मावशीने घाबरून संगणक लावणेच सोडून दिले होते. म्हणून माझे मत इथे स्पष्ट मांडतो: विंडोज ११ असलेल्या घरच्या संगणकाला बाहेरच्या मोफत अँटीव्हायरसची गरज नाही.

विंडोजला स्वतःचे संरक्षण नसते, हा समज विंडोज एक्सपी या जुन्या आवृत्तीच्या काळात खरा होता. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने सिक्युरिटी इसेन्शियल्स हा अँटीव्हायरस मोफत दिला, आणि २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून डिफेंडर हा पूर्ण अँटीव्हायरस म्हणून विंडोजमध्येच मिळू लागला. जर्मनीतील एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातील एव्ही-कम्पॅरेटिव्हज या संस्थांच्या चाचण्यांत तो आज विकतच्या नामांकित उत्पादनांच्या पंक्तीला बसतो.

शिवाय मोफत देणाऱ्यालाही खर्च असतोच, आणि तो कुठून तरी भरून काढावा लागतो. अव्हास्टची जम्पशॉट ही उपकंपनी वापरकर्त्यांनी कोणकोणती संकेतस्थळे पाहिली याची माहिती विकत असे. हा प्रकार उघडकीस आल्यावर जानेवारी २०२० मध्ये ती बंद करावी लागली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने अव्हास्टवर १ कोटी ६५ लाख डॉलर भरण्याची कारवाई जाहीर केली. रखवालीला ठेवलेल्या माणसानेच घरात कोण येते-जाते याची वही विकावी, असा हा प्रकार आहे. आज अव्हास्ट, एव्हीजी, अविरा आणि नॉर्टन ही चारही नावे जेन डिजिटल या एकाच कंपनीकडे आहेत. त्यामुळे हा नको तर तो घेऊ, या निवडीलाही वाटतो तेवढा अर्थ उरलेला नाही.

मुठेकाठी

मावशींना झालेला त्रास खरा आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. दोन अँटीव्हायरस एकत्र बसणे ही चूक होती. एखादाच नीट पारखून घेणे ही वेगळी गोष्ट आहे.

डिफेंडर जवळपास प्रत्येक विंडोज संगणकावर असतो, हीच त्याची अडचण आहे. व्हायरस लिहिणारा माणूस आपली फाइल बाहेर सोडण्यापूर्वी ती डिफेंडरच्या नजरेतून सुटते की नाही, हे सर्वांत आधी तपासून पाहणार. साऱ्या सोसायटीला एकाच बनावटीची कुलपे असतील, तर चोर त्या एका कुलपाचाच अभ्यास करतो. दुसरा मुद्दा इंटरनेटचा. नव्या फायली ओळखताना डिफेंडर क्लाउडची, म्हणजे इंटरनेटवरून जोडलेल्या मायक्रोसॉफ्टच्या संगणकांची, बरीच मदत घेतो, आणि इंटरनेट नसताना त्याची ओळखण्याची क्षमता घटते, हे एव्ही-कम्पॅरेटिव्हजच्या चाचण्यांतही दिसले आहे. आमच्या मुळशीकडच्या घरी पावसाळ्यात दोन-दोन दिवस इंटरनेट नसते आणि पेन ड्राइव्हची देवाणघेवाण मात्र चालूच असते.

मी बिटडिफेंडरची मोफत आवृत्ती वापरतो. ही रोमानियातील कंपनी आहे. तिने २०२१ च्या अखेरीस मोफत आवृत्ती बंद केली आणि पुढच्याच वर्षी नव्या रूपात पुन्हा आणली. एका कंपनीने विश्वासघात केला म्हणून मोफत देणारे सगळेच तसे ठरत नाहीत.

धनकवडीचा जुना पीसी

माझ्याकडे २०१४ साली जुळवून घेतलेला संगणक आहे. त्यात टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नसल्यामुळे विंडोज ११ बसत नाही. विंडोज १० चा नियमित आधार, म्हणजे सुरक्षा अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अशा संगणकावर एखादा चांगला मोफत अँटीव्हायरस टाकला, तर आणखी काही वर्षे निभावेल का?

प्रभात रोड

दोन्ही बाजू मोफत गोष्टींवरच वाद घालत आहेत, आणि पुण्यात बसून क्विक हील या विकतच्या अँटीव्हायरसचे नावही कोणी काढले नाही, याचे मला नवल वाटते. कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानापासून सुरुवात केलेले कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय काटकर यांनी नव्वदच्या दशकात याच शहरात ती कंपनी उभी केली, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तिचे समभाग शेअर बाजारात आले. केवळ गावचा अभिमान म्हणून मी हे सांगत नाही. माझे सासरे ब्याऐंशी वर्षांचे आहेत. संगणकावर विचित्र काही दिसले की त्यांना फोन करून आपल्या भाषेत विचारता येईल असा कोणीतरी हवा असतो, आणि मोफत अँटीव्हायरसला असा फोन नसतो. वर्षाकाठी थोडे पैसे गेले तरी तो धीर मला मोलाचा वाटतो. ज्यांना पैसे द्यायचेच नाहीत त्यांच्यासाठी केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेचे सायबर स्वच्छता केंद्र २०१७ पासून आहे, आणि तिथे बॉट, म्हणजे संगणकाचा ताबा परक्याच्या हाती देणारे छुपे प्रोग्राम, काढून टाकणारी साधने मोफत मिळतात. मात्र ती सफाईची साधने आहेत, अखंड पहारा देणारी नव्हेत.

शनिवारातली

मी संगणकाचे वर्ग घेते, आणि ज्या घरांत व्हायरस शिरलेला मी पाहिला, त्यांतल्या बहुतेक ठिकाणी अँटीव्हायरस कोणता होता या प्रश्नाला अर्थच नव्हता, कारण तो घरच्यांनी स्वतः बंद केला होता. मुलांनी उतरवलेल्या क्रॅक, म्हणजे चोरीच्या, गेमबरोबर ‘आधी अँटीव्हायरस बंद करा’ अशी सूचना असते आणि ती निमूट पाळली जाते. एका विद्यार्थिनीच्या घरी तर दुरुस्तीवाल्याने चोरीचे विंडोज टाकून, ते पकडले जाऊ नये म्हणून डिफेंडर बंद ठेवला होता आणि अपडेटही थांबवले होते. मे २०१७ मध्ये फायली अडकवून खंडणी मागणारा वॉनाक्राय पसरला, तेव्हा तो ज्या भगदाडातून शिरत होता ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेला होता. झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्ह लावून आणणाऱ्यांनाही मी हेच सांगते, की तिथे फाइल ईमेलने पाठवावी आणि पेन ड्राइव्ह घरीच ठेवावा.

कर्वेनगरकर

धनकवडीच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात खरा धोका आहे. विंडोज १० वर डिफेंडरला व्हायरसच्या नव्या ओळखखुणा ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहतील, असे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले आहे. परंतु अँटीव्हायरस ताजा असणे आणि विंडोज सुरक्षित असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. विंडोजमध्येच सापडलेले भगदाड कोणताही अँटीव्हायरस बुजवू शकत नाही. त्यातून आत शिरणाऱ्याला तो फार तर हटकू शकतो. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. तोवरच्या काळात संगणक बदलावा किंवा त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकावी, आणि बँकेचे व्यवहार त्या यंत्रावर करू नयेत.

प्रभात रोड यांचे म्हणणे मी मान्य करतो. ज्या वृद्धांच्या हाताशी घरात कोणी नाही, त्यांच्यासाठी मराठीत बोलणारा माणूस फोनवर मिळत असेल तर त्याचे पैसे देणे योग्य आहे. माझा विरोध मोफतच्या नावाखाली भीती विकण्याला आहे.

मुठेकाठींचा कुलपाचा दाखला मात्र अपुरा आहे. दुसरा अँटीव्हायरस बसवला की डिफेंडर बाजूला होतो, आणि त्याबरोबर त्याची ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ ही सोयही थांबते. ही सोय सुरू असली, तर अनोळखी प्रोग्रामला कागदपत्रांच्या आणि फोटोंच्या फोल्डरमध्ये फेरफार करता येत नाही, आणि फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरविरुद्ध घरच्या माणसाला तिचाच मोठा उपयोग होतो. म्हणजे नवे कुलूप लावताना आपण आतली कडी काढून ठेवतो.

मुठेकाठी

आतल्या कडीचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता, हे मोकळेपणाने मान्य करतो. परंतु ही सोय मुळात बंद असते आणि आपणहून सुरू करावी लागते, हे आपण सांगितले नाही. मी पूर्वी ती सुरू केली होती, तेव्हा वडिलांच्या जुन्या मराठी टंकलेखनाच्या प्रोग्रामला डॉक्युमेंट्समध्ये फाइल जतन करता येईना. त्या प्रोग्रामला परवानगीच्या यादीत घालावे लागते, हे कळायलाच चार दिवस गेले, आणि तोवर वडिलांचा लेख अडकून पडला होता. मावशींच्या संगणकावर ती सुरू केली असेल, तर त्यांचे नेहमीचे सगळे प्रोग्राम एकदा त्यांच्यासमोर चालवून पाहावेत.

मुळशीच्या संगणकावर मी बिटडिफेंडरच ठेवणार आहे, कारण इंटरनेट नसण्याच्या मुद्द्याला आपण उत्तर दिलेले नाही. पुण्यातल्या घरी अखंड इंटरनेट असते, तिथे या आठवड्यात तो काढून डिफेंडर सुरू करतो. दोन्हीकडच्या फोटोंची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घेऊन ती केबल काढून कपाटात ठेवलेली आहे. सतत जोडून ठेवलेल्या डिस्कवरची प्रत रॅन्समवेअर मूळ फायलींबरोबरच घेऊन जातो, हे मी एका शेजाऱ्यांकडे पाहिले आहे.