विलीज एमबीचे पाटे आणि शॅकल: ओरिजिनल की नक्कल, ओळखायचं कसं?

गंगापूररोड_४४
मंडळी, १९४४ ची विलीज एमबी (दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन लष्करी जीप) आहे, नाशिकलाच. पुढचा डावा पाटा (लीफ स्प्रिंग) बसलाय, उजव्या बाजूपेक्षा जवळपास इंचभर खाली. मुंबईचा एक विक्रेता चारही पाटे, शॅकल (पाट्याचं टोक शासीला जोडणारी झुलती कडी) आणि बुशचा पूर्ण सेट आणि दोन शॉकअप देतोय. म्हणतो, युद्धकाळातला अमेरिकन माल, न वापरलेला. फोटोत मेणकागद आणि घट्ट झालेलं ग्रीस दिसतंय. रविवारी बघायला जातोय, तासभर हातात आहे. उभ्या उभ्या काय तपासू? बजेट २० हजार, वर एक रुपया नाही. गाडी त्र्यंबक रोडला चालवायची आहे, नुसती उभी ठेवायची नाही.

पाटा_पक्का
२० हजारात ओरिजिनलच्या मागे लागूच नका. हरियाणातल्या मंडी डबवालीहून चारही पाटे नवे मागवा आणि पुढे दोन पानं जादा टाकून घ्या. माझ्या जीपला तेच आहेत, एकदम दणकट.

देवळाली_कॅम्प
दोन पानं जादा? एमबीला पुढे ८ आणि मागे ९ पानं आहेत, ती हिशोबाने दिलेली आहेत. पानं वाढवली की पुढचं नाक वर जातं, कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या पिनचा मागचा झुकाव, बदलतो (मूळ ३ अंश) आणि स्टिअरिंग भरकटतं. वर शॅकलला हलायला जागा उरत नाही, म्हणून सगळा मार शासीच्या ब्रॅकेटवर. हा सल्ला कृपया कोणी घेऊ नये.

आता मूळ प्रश्न. मेणकागद आणि ग्रीस हा पुरावा नाही, दोन्ही आजही मिळतं. वर्निअर आणि टेप न्या. पाट्याची रुंदी पावणेदोन इंच, म्हणजे ४४.४५ मिमी यायला हवी. नेमकी ४५ आली तर तो मेट्रिक पट्टीतून कापलेला. पानाच्या मध्यावर मोजा, कडेला रंग आणि गंज फसवतात. लांबी डोळ्याच्या मध्यापासून मध्यापर्यंत, पाटा सपाट धरून: पुढचा सव्वाछत्तीस इंच, मागचा ४२.

रंकाळा_विलीज
एवढी मोजमापं कशाला? बोल्टच्या डोक्यावर 'एफ' चा ठसा बघा. असला तर ओरिजिनल, नसला तर सोडून द्या.

देवळाली_कॅम्प
'एफ' म्हणजे फोर्ड. तो ठसा फोर्डने बनवलेल्या याच जीपच्या, म्हणजे जीपीडब्ल्यूच्या, भागांवर असतो, विलीजच्या नव्हे. एमबीवर तो नसणं हेच बरोबर. शिवाय हल्ली नकली बोल्टवरही एफ मारून मिळतो. आपली गाडी नक्की कोणती हे आधी पुढच्या आडव्या मेंबरवरून ठरवा: एमबीला गोल पाइप, जीपीडब्ल्यूला उलट्या यू आकाराचं चॅनेल.

रंकाळा_विलीज
पण युद्धातच डेपोमध्ये दोन्हींचे भाग एकमेकांना लावले जायचे, ते अदलाबदलीचेच होते. एमबीवर एफचा बोल्ट म्हणून नकली म्हणता येणार नाही.

देवळाली_कॅम्प
नकली म्हटलंच नाही. एफ नाही म्हणून सोडून द्या, हे तुमचं वाक्य चुकीचं, एवढंच.

सातपूर_टर्नर
तुमचं एफ राहू द्या, शॅकल बघा. नक्कल करणारे नेमके तिथे सापडतात. एमबीचा शॅकल यू आकाराचा, आटे पाडलेला, आणि त्याचे बुशही आट्यांचे. एका गाडीला ४ शॅकल, ८ बुश. त्यातले ६ बुश उजव्या आट्याचे, २ डाव्या. डावा आटा येतो पुढच्या डाव्या आणि मागच्या उजव्या शॅकलच्या खालच्या टोकाला. ओळखायची खूण मूळ मालावर आहे: त्या शॅकलच्या खालच्या दांड्यावर घडवतानाच आलेला छोटा उंचवटा असतो आणि त्याच्या बुशच्या षटकोनी डोक्याभोवती खाच असते. उजव्या आट्याच्या बुशचं डोकं साधं.

म्हणून सेट घेताना आठही बुश हाताने फिरवून बघा. आठही उजवे निघाले तर सेट नकली तरी आहे किंवा अर्धवट तरी. खाच कापलेली पण आटा उजवाच, असंही निघू शकतं. नुसत्या खाचेवर विसंबू नका.

धातूही बघा. मूळ शॅकल फोर्ज केलेला. साच्याच्या जोडाची रेघ रुंद, दोन-तीन मिमीची, कापून घासलेली दिसते. ओतीव नकलेवर रेघ बारीक आणि अंग वाळूसारखं खरखरीत. ओतीव शॅकल रस्त्यावर नकोच, तो वाकत नाही, थेट तुटतो.

वर्निअर_हाती
वर सांगितलंय तेच सांगतो, वर्निअर न्याच. आट्यांसाठी एक सावधगिरी. नुसता पिच गेज (आट्यांमधलं अंतर बघायची पट्टी) लावू नका. इंचाला २० आट्यांचं पिच १.२७ मिमी येतं आणि मेट्रिकचं एक पिच १.२५ आहे, गेज दोन्हीत बसल्यासारखं वाटतं. व्यास मोजला की लगेच कळतं: उदाहरणार्थ, अर्ध्या इंचाचा आटा १२.७ मिमी, मेट्रिकचा १२. चुकीचा नट चढल्यासारखा वाटतो, मग आटे खातो.

पाटा_पक्का
वर्निअरने गाडी चालत नाही. नवे पाटे म्हणजे नवे पाटे.

अमेरिका_पार्सल
अमेरिकेतल्या जीपच्या दुकानातून नवा सेट मागवा, पत्त्यावर घरपोच येतो. २० हजार हे शॉकअपलाही पुरणार नाहीत, बजेट वाढवा. दर्जाशी तडजोड नको.

अंबड_भट्टी
त्यांनी बजेट सांगितलंय, तेवढ्यात उत्तर देऊ या. डावी बाजू खाली आहे म्हणून लगेच पाटा खराब ठरवू नका. पुढचे डावे-उजवे पाटे दिसायला सारखे, पण डावा जास्त भाराचा, कारण स्टिअरिंग, ड्रायव्हर आणि सीटखालची पेट्रोल टाकी डावीकडे. मूळ डाव्यावर रंगाने 'एल' लिहिलेला असायचा, ८० वर्षांत तो पुसला जातो. कधीतरी कोणी अदलाबदल केली असेल तर गाडी डावीकडे झुकणारच. उजव्याशी अदलाबदल करून उंची पुन्हा मोजा. खर्च फक्त मजुरीचा.

पाटा खरंच बसला असेल तर कमान पुन्हा देता येते. फक्त गॅसने तापवून वाकवणाऱ्याकडे नेऊ नका. तिथे टेंपर (पोलादाचा लवचिक कडकपणा) जातो आणि पाटा महिन्याभरात परत सपाट होतो. पानं सुटी करून भट्टीत साधारण ८५० अंशांपर्यंत तापवायची, तेलात विझवायची, मग टेंपर करायचा. अंबड-सातपूरला हीट ट्रीटमेंटवाले आहेत. आधी प्रत्येक पान दोरीला टांगून हातोडीने वाजवा. खणखणीत वाजलं तर चांगलं, भदभद वाजलं तर तडा. शंका असेल तर डाय पेनिट्रंट (तडा दाखवणारा रंग) लावा.

महिंद्रा_घराणं
ओरिजिनल म्हणजे फक्त अमेरिकन, हे कशावरून? महिंद्राने विलीजच्याच परवान्यावर जीप बनवल्या. आमच्या सीजे-३बी चे पाटे महिंद्राचे, तेही ओरिजिनलच. त्यांना नक्कल म्हणणं मला पटत नाही.

देवळाली_कॅम्प
सीजे-३बी ला ओरिजिनल, एमबीला नाही. दोन्हींचा व्हीलबेस ८० इंच असला तरी पानांची संख्या आणि भार जुळतोच असं नाही. विक्रेते यातच गोंधळ करतात, महिंद्राचा जुना पाटा 'अमेरिकन' म्हणून देतात. भाग क्रमांक दिसला तर वाचा: विलीजचे बरेच क्रमांक 'ए-' ने सुरू, फोर्डचे बहुतेक 'जीपीडब्ल्यू-' ने.

सातपूर_टर्नर
काहीही घेतलं तरी बसवताना हे पाळा. शॅकल शासीला घट्ट धरून वरचा बुश अर्धा चढवायचा, मग खालचा अर्धा, मग आळीपाळीने. वरच्याचं डोकं ब्रॅकेटला टेकलं पाहिजे. खालच्याचं डोकं पाट्यापासून इंचाचा बत्तिसावा भाग, म्हणजे ०.८ मिमी, लांब. ग्रीस भरल्यावर शॅकल हाताने मोकळा हलला पाहिजे. जाम असेल तर बुश काढून परत चढवा, नाहीतर पाटा तुटतो, आणि दोष मात्र पाट्याला लागतो. यू-बोल्टचे नट ५० ते ५५ फूट-पाउंड, त्याहून जास्त नको. सेंटर बोल्टचं डोकं एक्सलच्या भोकात नीट बसतंय ना बघा. नकली बोल्टचं डोकं लहान असलं की एक्सल सरकतो. शेवटी दोन्ही बाजूंचा व्हीलबेस मोजून जुळवा.

वर्निअर_हाती
शॉकअप घेऊच नका. इतक्या वर्षांत सील वाळतात.

अमेरिका_पार्सल
हो, शॉकअप नवेच. जुने नकोच.

गंगापूररोड_४४
जाऊन आलो. पुढचे पाटे ४५.० मिमी, मागचे ४४.४ आणि एका पानावर जुनी गंजाची खळगी. आठपैकी एकही बुश डावा नव्हता, दोन बुशांना खाच मात्र कापलेली. शॅकलची रेघ बारीक. विक्रेत्याला दाखवलं तर म्हणाला, मागचे पाटे एकटे देतो.

मी मागचे पाटेही घेतले नाहीत, माझे धड आहेत. घेतले ते शॉकअप, दोन्ही मिळून साडेचार हजारांना. इथे दोघांनी नको म्हटलं होतं, पण हे मोनरोचे आहेत. पूर्ण दाबून फिरवलं की आतली खाच पकडते आणि कडकपणा बदलतो. बाजारात जे नवे बंद शॉकअप दाखवले, त्यांत ती सोय नव्हती. उभे धरून सहा-सात वेळा पूर्ण पंप केले, नंतर वर-खाली सारखा जोर लागला, दांडा गुळगुळीत, तेल कुठे नाही. पुढचे पाटे आधी अदलाबदल करून बघतो, मग गरज पडली तर भट्टी.

वर्निअर_हाती
आज कोरडे आहेत, गरम झाल्यावर गळू शकतात. बसवण्याआधी दोन दिवस आडवे ठेवा, खाली पांढरा कागद.

सातपूर_टर्नर
आणि फिरवताना दोन्हींचे फेरे मोजून सारखेच ठेवा. एक कडक आणि एक मऊ राहिला तर पुन्हा पाट्यावरच शंका घ्याल.