मदत हवी आहे: हाताने काढलेला किल्ल्याचा नकाशा फाउंड्रीच्या ग्रिडवर बसंना गेलाय

नमस्कार मंडळी, शनिवारी रात्री खेळ आहे म्हणून जरा घाईत लिहायलोय. आमचा ग्रुप परभणी, लातूर, नांदेड असा पांगलेला आहे त्यामुळे डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, गोष्टीतली पात्रं होऊन खेळायचा खेळ) आम्ही ऑनलाइनच खेळतो, फाउंड्री (नकाशा आणि सोंगट्या पडद्यावर दाखवणारं सॉफ्टवेअर) माझ्या लॅपटॉपवर चालतं आणि बाकीचे ब्राउझरमधून येतात. आतापर्यंत नेटवरचे तयार नकाशे वापरले, त्यांच्यासोबत ग्रिडचं (चौकटीच्या जाळीचं) एक घर किती पिक्सेलचं ते लिहिलेलंच असतं म्हणून कधी अडलं नाही. या वेळी मात्र लातूरच्या मित्राने स्वतः ग्राफ पेपरवर नकाशा काढून दिलाय, देवगिरीवरून सुचलेला. खडकात कोरलेला खंदक, त्यावरून आत जायला एकच अरुंद वाट, मग डोंगराच्या पोटातली अंधारी म्हणजे भुयारी वाट आणि तिच्या वरच्या तोंडाला लोखंडी झाकण, ज्यावर जाळ करून आत धूर सोडायचे असं सांगतात. आमच्यातल्या सगळ्यांचीच शाळेची सहल दौलताबादला गेलेली आहे त्यामुळे अंधारी म्हणलं की प्रत्येकाच्या डोळ्यासमोर ती वळणं येतात, आणि त्याने तर एकेक पायरी पेन्सिलने काढलीय. इतकं मन लावून काढलेलं चित्र नीट वापरलं गेलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आता अडचण. कागद ए-फोर, आडवा, एक सेंटीमीटरचं घर म्हणजे खेळातले पाच फूट. त्याने गावातल्या झेरॉक्सच्या दुकानातून 300 डीपीआयला (एका इंचात 300 पिक्सेल) स्कॅन करून फाइल पाठवली, ती 3508 बाय 2480 पिक्सेलची आहे. 300 डीपीआयला एक सेंटीमीटर म्हणजे 118.11 पिक्सेल होतात, म्हणून ग्रिड साइज 118 टाकली आणि डावीकडचा वरचा कोपरा जुळवून घेतला. तिथं एकदम रेषेवर रेष बसते. पण उजवीकडे जावं तसं ग्रिड सरकत जातं आणि शेवटच्या घरापाशी जवळजवळ अर्ध्या घराचा फरक पडतो. खाली पण सरकतंय पण आडव्याइतकं नाही, हेच मला कळंना गेलंय.

दुसरा कुठला नकाशा असता तर चालवून घेतलं असतं पण अंधारी एकच घर रुंद आहे. टोकन (खेळाडूची सोंगटी) सोडलं की ते घराच्या मधोमध जाऊन बसतं आणि ती मधली जागा नेमकी भिंतीत येते. फाउंड्रीतल्या नजर आणि उजेड अडवणाऱ्या भिंती चित्रावरून काढल्यात त्यामुळे टोकन भिंतीच्या पलीकडचं धरलं जातं आणि मशालीचा उजेड भलत्याच खोलीत पडतो, म्हणजे खेळाडूला जे दिसायला नको ते आधीच दिसतं. मशालीचा लख्ख उजेड 20 फूट, म्हणजे चारच घरं, आणि त्यात अर्ध्या घराची चूक. ग्रिड अलाइनमेंटच्या टूलमध्ये बाणांच्या बटणांनी सरकवून पाहिलं, पण एक बाजू जुळली की दुसरी सुटते. कुणी जाणकार असेल तर सांगा की काय करावं.

प्रतिसाद

भाऊ, सरकवून हे जुळणारच नाही कारण तुमचं घर 118 चं नाहीचे. 118 आणि 118.11 मधला फरक 25 घरांवर तीन पिक्सेलसुद्धा होत नाही, तो डोळ्याला दिसत नाही. अर्ध्या घराचा फरक पडतोय म्हणजे कुठंतरी चित्र लहान झालंय. झेरॉक्सच्या दुकानात बहुतेक वेळा फिट टू पेज चालू असतं, त्यात मूळ चित्र दोन-तीन टक्के आकसतं आणि फाइल मात्र ए-फोरच्याच मापाची निघते. शिवाय कागद ओढून घेणारा स्कॅनर असेल तर ज्या दिशेने कागद सरकतो त्या दिशेचं माप आणि आडवं माप थोडं वेगळं येतं, उभ्या-आडव्याचा तुमचा फरक त्यातलाच दिसतोय.

म्हणून डीपीआयवरून हिशोब करू नका, चित्रावरच मोजा. आणि एक घर मोजू नका. सगळ्यात डावीकडची रेष कितव्या पिक्सेलवर आहे, सगळ्यात उजवीकडची कितव्यावर, आणि मधे घरं किती, एवढं बघा, भागाकार करा. एका घराच्या मापात एक पिक्सेल चुकला तर 25 घरांवर 25 पिक्सेल चुकतात, तेच 25 घरं एकदम मोजली तर चूक एका पिक्सेलचीच राहते. उभं आणि आडवं वेगवेगळं मोजा.

प्रतिसाद

मोजायच्या आधी कागद सरळ आहे का ते बघा. अर्धा अंश जरी तिरपा असला तरी 2500 पिक्सेलच्या रेषेवर 22 पिक्सेलचा फरक पडतो आणि माप बरोबर असूनही ग्रिड सुटतं. गिम्प हे चित्रं दुरुस्त करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात मोजपट्टीचं टूल घ्या, ग्राफच्या एका लांब रेषेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढा आणि बाजूला स्ट्रेटन असं बटण येतं ते दाबा. आधी सरळ करायचं, मग मोजायचं, उलटं केलं तर परत मोजावं लागतं.

स्कॅन आहे म्हणून एवढ्यावर भागतंय, मोबाईलने फोटो काढला असता तर लांबची बाजू लहान आणि जवळची मोठी आली असती, मग आधी पर्स्पेक्टिव्ह टूलने चारी कोपरे ओढून चौकोन नीट करावा लागला असता. आणि फाइल चॅटवर फोटो म्हणून आली असेल तर ती परत डॉक्युमेंट म्हणून मागवा, फोटो म्हणून पाठवलेली लहान होऊन येते.

प्रतिसाद (धागाकर्ता)

खूप खूप आभार दोघांचे. फाइल डॉक्युमेंट म्हणूनच आली होती. सरळ करून मोजलं. आडवी 25 घरं 2890 पिक्सेलमध्ये येतात म्हणजे एक घर 115.6 चं, आणि उभी 17 घरं 1979 मध्ये म्हणजे 116.4. स्कॅनर ओढून घेणाराच होता, मित्राला विचारलं. पण आता पुढं काय, फाउंड्रीत उभ्याला एक आणि आडव्याला एक अशी दोन मापं टाकायला कुठं जागा दिसंना, आणि पॉइंटातलं माप टाकावं का नाही हे पण कळंना.

प्रतिसाद

ग्रिड चित्राला जुळवायच्या भानगडीत पडूच नका, चित्रच ग्रिडला जुळवा. फाउंड्रीचं घर मुळात 100 पिक्सेलचं असतं, तेच ठेवा. गिम्पमध्ये स्केल इमेजला जा आणि रुंदी-उंचीच्या मधली साखळी आधी तोडा, नाहीतर एक बदललं की दुसरं आपोआप बदलतं. रुंदी 3508 गुणिले 100 भागिले 115.6 म्हणजे 3035. उंची 2480 गुणिले 100 भागिले 116.4 म्हणजे 2130 च्या आसपास. एवढं झालं की प्रत्येक घर दोन्हीकडून 100 चं होतं.

मग ग्राफची पहिली उभी रेष कितव्या पिक्सेलवर आली ते बघा. समजा 309 वर आली तर डावीकडून 9 पिक्सेल कापायचे म्हणजे ती 300 वर जाते. वरून 246 वर असेल तर 46 कापायचे. उरलेलं उजवीकडून आणि खालून कापून बरोबर 3000 बाय 2000 चं चित्र करा, म्हणजे 30 बाय 20 घरं. फाउंड्रीत टाकलं की ऑफसेट (ग्रिड किती सरकवायचं ते माप) शून्यच राहतो, बाण दाबत बसायची गरजच नाही. भिंती मात्र पुसून नव्याने काढा, आणि चित्र पूर्ण जुळल्याशिवाय एकही भिंत टाकू नका.

प्रतिसाद

मी रोल-ट्वेंटीवाला, ते पण फाउंड्रीसारखंच ऑनलाइन खेळायचं साधन आहे. आमच्याकडे एक घर 70 पिक्सेलचं असतं आणि अलाइन टू ग्रिडमध्ये तीन बाय तीन घरांवर चौकोन ओढला की चित्र आपोआप मोठं-लहान होतं. छोट्या नकाशाला चांगलं आहे, पण तीन घरांच्या चौकोनात एक पिक्सेल इकडं-तिकडं झाला तरी 25 घरांवर आठ पिक्सेल होतात, त्यामुळे मोठ्या नकाशाला वरची रीत मलाही बरी वाटते. पण मला विचाराल तर अंधारीसारख्या वळणाच्या वाटेला ग्रिडच कशाला, ग्रिडलेस सीन म्हणजे बिनजाळीचा नकाशा करा, टोकन पाहिजे तिथं ठेवता येईल.

प्रतिसाद (धागाकर्ता)

ग्रिडलेसचा विचार केला होता दादा, पण आमच्यात दोघंजण नवीन आहेत, ते घरं मोजून चालतात, सहा घरं झाली की चाल संपली हे त्यांना आत्ता कुठं अंगवळणी पडायलंय. आणि मित्राने मुद्दाम ग्राफ पेपरवर काढलंय, घरात घर धरून.

वरच्या भाऊंनी सांगितलं तसं करून बघितलं आणि बसलं! खंदकापासून अंधारीच्या तोंडापर्यंत रेषेवर रेष आहे, टोकन वाटेच्या मधोमध उभं राहतंय आणि मशालीचा उजेड वळणापाशी थांबतोय, पलीकडचं काहीच दिसंना. हेच पाहिजे होतं. ग्राफच्या छापील रेषा दिसतातच म्हणून फाउंड्रीच्या ग्रिडची ओपॅसिटी शून्य केली, आता फक्त त्याच्या हातचा कागद दिसतो, मला तर तयार नकाशांपेक्षा हेच आवडायलंय. वळणावर भिंती काढताना शिफ्ट दाबून काढल्या म्हणजे त्या ग्रिडला चिकटल्या नाहीत.

एकच राहिलं. बालेकिल्ल्याचा दुसरा कागद पण आहे, अंधारीचं वरचं तोंड त्या कागदावर येतं. दोन्ही जोडून एकच मोठं चित्र करू का? नांदेडच्या मावसभावाचा लॅपटॉप फार जुना आहे.

प्रतिसाद

दुसरा कागद पण नव्याने मोजा, पहिल्याचीच मापं लावू नका, स्कॅन करताना तो वेगळा ओढला गेला असू शकतो. दोन्ही 100 वर आले की जोडणं सोपं आहे, गिम्पच्या ग्रिडला 100 देऊन स्नॅप टू ग्रिड चालू करा आणि दुसरं चित्र बाजूला नेऊन सोडा, ते घरावर घर बसतं. पण 6000 पिक्सेल रुंद चित्र होईल आणि बऱ्याच जुन्या ग्राफिक्सला 4096 च्या पुढचं चित्र झेपत नाही, भावाला नुसता काळा पडदा दिसेल. त्यापेक्षा दोन सीन ठेवा. अंधारीच्या शेवटच्या तीन-चार पायऱ्या दोन्ही सीनमध्ये असू द्या, लोखंडी झाकणापाशी पोचले की सगळ्यांना दुसऱ्या सीनवर न्या आणि टोकनं त्याच पायऱ्यांवर ठेवा. फाइल वेबपीमध्ये (चित्राचा हलका फाइल प्रकार) सेव्ह करा, तुमच्या लॅपटॉपवरून सगळ्यांना जायची आहे तर तेवढी हलकी होईल. आणि शुक्रवारीच भावाला एकदा लॉगिन करायला लावून दोन्ही सीन उघडतात का ते बघून घ्या.